नव्याण्णव लाख खेळांची कॅसेट

१९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत ज्याने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम खेळला, त्याला पिवळ्या कॅसेटवरचा एक आकडा नक्की आठवत असेल: '९९९९९९९ इन १'. एका कॅसेटमध्ये नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ! मुंबईच्या घाऊक बाजारातून निघालेली ती कॅसेट मनोर-विक्रमगडच्या रस्त्याने जव्हारच्या पेठेत यायची आणि तिथून मोखाड्यात पोचायची. दुकानदार ती काचेच्या कपाटात अशी मांडायचा, की आकडा आधी दिसावा.

आकडा खरा धरून हिशेब करू. प्रत्येक खेळाला फक्त एक मिनिट दिलं आणि जेवण-झोप सोडून खेळत राहिलं, तर सगळे खेळ एकदा पाहून व्हायला १९ वर्षं लागतील. बालवाडीतलं मूल पदवी घेऊन बाहेर पडेल. आता जागेचा हिशेब. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ ४०,९६० बाइटांचा. तेवढ्याच आकाराचे ९९,९९,९९९ खेळ साठवायला सुमारे ४१० गिगाबाइट जागा हवी. १९९० च्या सुमारास चांगल्या घरगुती संगणकात ४० मेगाबाइटची हार्ड डिस्क असायची. अशा दहा हजारांहून जास्त डिस्क त्या तळहाताएवढ्या कॅसेटमध्ये कोंबाव्या लागल्या असत्या. आज मात्र नखाएवढ्या ५१२ जीबीच्या मेमरी कार्डात ते सगळे मावतील, वर जागा उरेल. पण त्यात भरणार काय? ही कॅसेट ज्या यंत्राची, त्यासाठी जपान आणि अमेरिका मिळून अधिकृतपणे निघालेले खेळ दोन हजारांच्या आत आहेत.

कॅसेटमध्ये खरे खेळ पाच-सहा, फार तर वीसेक. बाकीची यादी म्हणजे त्यांचीच फिरवाफिरवी. कुठे पहिल्याऐवजी तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात, कुठे तीनऐवजी तीस जीव, कुठे नुसतं नाव बदललेलं. पोरांना हे दुसऱ्याच दिवशी कळायचं, आणि तरी यादी खाली खाली सरकवत नेण्याचा नाद सुटायचा नाही. फसवणूक होती, यात शंका नाही. मला थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. त्या यंत्राच्या पोटात या आकड्यापेक्षा कितीतरी अफाट संख्या खरोखर होती, आणि ती कुणी स्टिकरवर छापली नाही. तिथवर जायचं तर आधी यंत्राकडे यावं लागेल.

घरच्या टीव्हीवर खेळायचा पहिला व्हिडिओ गेम अमेरिकेत १९७२ साली विक्रीला आला. राल्फ बेअर या अभियंत्याने त्याची कल्पना १९६६ मध्ये कागदावर उतरवली होती, मॅग्नावॉक्स कंपनीने तो 'ऑडिसी' या नावाने बाजारात आणला. त्यात प्रोसेसर नव्हता, मेमरी नव्हती, आवाजही नव्हता. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ. मैदान हवं असेल तर टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा पारदर्शक कागद चिकटवायचा. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. महाराष्ट्र टीव्ही पाहायला शिकत होता, त्याच वर्षी अमेरिकेतली पोरं टीव्हीशी खेळायला लागली होती.

पुढची दहा वर्षं अटारी या अमेरिकी कंपनीची. १९७७ मध्ये आलेल्या तिच्या यंत्रात काम करायला मेमरी होती १२८ बाइट. आजच्या रीतीने देवनागरीचं एक अक्षर किंवा एक काना-मात्रा साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे त्या मेमरीत जेमतेम एखादं छोटं मराठी वाक्य बसलं असतं. तेवढ्यावर अटारीने अमेरिकेला वेड लावलं आणि हावेपायी बाजार बुडवलाही. 'ई.टी.' चित्रपटावरचा खेळ एका माणसाकडून पाच आठवड्यांत लिहून घेतला, त्याच्या लाखो कॅसेट काढल्या, त्या खपल्या नाहीत. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत लाखो कॅसेट पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये जागा उकरली, तेव्हा सुमारे १,३०० बाहेर काढल्या. अमेरिकेतली व्हिडिओ गेमची उलाढाल त्या दोन-तीन वर्षांत ३०० कोटी डॉलरांवरून १० कोटींवर आली, असं सांगतात. शंभरातले तीन रुपये उरले.

बाजार असा मसणात गेला असताना जपानमधल्या क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने नवं यंत्र काढलं. ही कंपनी १८८९ पासून पत्ते बनवायची. अध्यक्ष हिरोशी यामाउची, यंत्राचा आराखडा मासायुकी उएमुरा यांचा. चिप स्वस्तात हवी, म्हणून यामाउचींनी रिको कंपनीला दोन वर्षांत तीस लाख चिप घेण्याचा शब्द दिला. एकही यंत्र विकलेलं नसताना तीस लाखांचा शब्द! 'फॅमिकॉम' बाजारात आला १५ जुलै १९८३ ला, किंमत १४,८०० येन. कपिल देवने लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला, त्याला तेव्हा वीस दिवस झाले होते. दोन वर्षांनी तेच यंत्र कपडे बदलून अमेरिकेत 'एनईएस' झालं.

कंपनीच्या हिशेबाने ही दोन्ही मिळून ६ कोटी १९ लाख यंत्रं खपली. मोखाडा तालुक्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे ८३ हजार, म्हणजे जवळपास साडेसातशे मोखाड्यांतल्या प्रत्येक माणसाच्या हातात, तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, एकेक यंत्र. यातली जपानमध्ये १ कोटी ९३ लाख, दोन्ही अमेरिका खंडांत मिळून ३ कोटी ४० लाख, आणि उरलेल्या सगळ्या जगात मिळून ८५ लाख.

या मोजणीत आपण जवळजवळ नाहीच. आपल्याकडे आलेलं यंत्र तेच होतं, पण नाव दुसरं. कुणाकडे समुराई, कुणाकडे लिटल मास्टर, पुढे मुंबईच्या मिताशी कंपनीचं गेम-इन, आणि बहुतेकांकडे कुठलंच नाव नसलेला, खोक्यावर भलत्याच यंत्राचं चित्र असलेला डबा. तैवानमधल्या कारखान्यांनी निन्टेन्डोच्या चिपची हुबेहूब नक्कल काढली होती. मग सगळं यंत्र एका चिपमध्ये बसवलं गेलं, आणि किंमत काही शे रुपयांवर उतरली. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगा या दुसऱ्या कंपनीचं अस्सल यंत्र भारतात आणलं तेव्हा त्याची किंमत होती १८,००० रुपये. आयात शुल्कच ८० टक्क्यांच्या घरात. ते यंत्र जव्हारच्या पेठेत मी कधी पाहिलं नाही. नकलेचा धंदा बेकायदा होता हे मान्य, पण व्हिडिओ गेम डोंगराळ तालुक्यांत आला तो त्या नकलेच्याच हाताने. अशी किती यंत्रं जगभर खपली, त्याची नोंद कुठल्याही कंपनीच्या वहीत नाही. निन्टेन्डोने २००३ मध्ये फॅमिकॉमचं उत्पादन थांबवलं, नकला त्यानंतरही निघत राहिल्या.

आता कॅसेटच्या आत डोकावू. मी एक उघडून पाहिली आहे. प्लास्टिकच्या खोक्यात निम्म्याहून जास्त पोकळी असते. तळाशी बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, तिच्यावर रुपयाच्या नाण्याएवढा डांबरासारखा काळा थेंब, आणि पट्टीच्या कडेला दोन्ही बाजूंनी तीस-तीस पितळी रेघा. चिप त्या काळ्या थेंबाखाली. कॅसेट चालली नाही की आम्ही त्या रेघांवर फुंकर मारायचो. खरं तर तोंडाच्या दमट वाफेने त्या गंजतात, पण काढून पुन्हा बसवल्याने सांधा जुळायचा आणि श्रेय फुंकरीला जायचं.

मारिओच्या कॅसेटचे ४०,९६० बाइट दोन भागांत वाटलेले. ३२,७६८ बाइट नियम, नकाशे आणि संगीत. ८,१९२ बाइट चित्रं. हा लेख संगणकावर साठवला तर जवळपास तेवढीच जागा घेईल. तेवढ्या जागेत आठ दुनियांचे ३२ टप्पे आहेत, जमिनीखालची भुयारं आहेत, पाण्याखालची सफर आहे, किल्ले आहेत, कोजी कोंडो यांनी रचलेली आणि आजही लोकांच्या तोंडात असलेली धून आहे, मारिओची उडी आहे. त्या उडीत बटण किती वेळ दाबलं त्यानुसार उंची बदलते आणि धावून मारली तर ती लांब जाते.

हे बसवलं कसं, ते एका झुडपावरून कळतं. पडदा २५६ ठिपके रुंद, २४० ठिपके उंच, म्हणजे ६१,४४० ठिपके. एका ठिपक्याला एक बाइट दिला तर यंत्राच्या सगळ्या कामाच्या मेमरीच्या तीस पट जागा एका चित्राला लागेल. म्हणून पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे ९६० चौकोन पाडले, आणि कॅसेटमध्ये ठेवले फक्त ५१२ नमुने, प्रत्येकी १६ बाइटांचे. कुठल्या चौकोनात कुठला नमुना आणि त्याला कुठले रंग, एवढंच यंत्र लक्षात ठेवतं. मारिओच्या पहिल्याच टप्प्यात जमिनीवर हिरवं झुडूप दिसतं आणि आकाशात पांढरा ढग. नीट पाहा, दोघांची वरची कड अगदी एक आहे. ढगाचाच वरचा भाग जमिनीवर ठेवला, हिरवा रंग दिला, झालं झुडूप. आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात मुखवटा बदलला की सोंग बदलतं, तसंच हे. खेळाच्या सुरुवातीला भेटणारा तो तपकिरी, अळंबीसारखा गूम्बा तर अगदी शेवटी सुचला, तेव्हा जागाच उरली नव्हती. म्हणून त्याचं एकच चित्र काढलं आणि ते आलटून पालटून डावी-उजवीकडे उलटवलं. तो पाय टाकत चालतोय असा भास त्यातूनच होतो. चार नमुने, चौसष्ट बाइट. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी या खेळाचे नकाशे आलेख कागदावर चौकोन भरून काढले होते. खेळ १९८५ च्या सप्टेंबरमध्ये आला आणि चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. २०२१ मध्ये त्याची न उघडलेली एक जुनी प्रत २० लाख डॉलरांना विकली गेली, तेव्हाचे जवळपास १५ कोटी रुपये. बाइटावर भाव काढला तर एका बाइटाला साडेतीन हजार रुपयांहून जास्त.

कॅसेटमधलं सगळं कायमचं कोरलेलं असतं, खेळताना बदलत नाही. बदलतं ते यंत्राच्या रॅममध्ये, म्हणजे कामाच्या मेमरीत. मारिओ आत्ता कुठे आहे, किती नाणी जमली, किती जीव उरले, घड्याळात किती वेळ राहिला, समोरचं कासव डावीकडे चाललंय की उजवीकडे, हे सगळं तिथे. ही रॅम आहे २,०४८ बाइटांची. चित्राच्या मांडणीसाठी वेगळी तेवढीच, पण ती आपण बाजूला ठेवू.

या २,०४८ बाइटांची किंमत आम्हाला लाइटने शिकवली. भारनियमनाच्या वर्षांत मोखाड्या-जव्हारकडे लाइट कधी येईल आणि कधी जाईल, याला धरबंध नव्हता. टीव्हीसमोर सात-आठ जण, रिमोट दोन, "मेलास ना, दे आता इकडं" अशी ओढाताण, कुणीतरी पहिल्यांदाच आठव्या दुनियेत पोचलेला, आणि खटकन काळोख. रॅममधला प्रत्येक बाइट वीज असेपर्यंतच जिवंत. खेळ जपून ठेवायची सोय या कॅसेटमध्ये नव्हती. लाइट परत आली की पुन्हा पहिली दुनिया, पहिलं झुडूप, पहिला गूम्बा.

आता मोजू. एका बाइटात आठ बिट, प्रत्येक बिट शून्य किंवा एक. म्हणून एका बाइटाच्या अवस्था २५६. मारिओचे जीव एका बाइटात ठेवलेले असतात आणि त्या २५६ पैकी अर्ध्या अवस्था उणे संख्यांसाठी धरलेल्या असतात. तिसऱ्या दुनियेतल्या पायऱ्यांवर कासवाच्या पाठीवर उड्या मारून जीव वाढवत राहिलं आणि १२७ ची मर्यादा ओलांडली, की गणित उलटतं आणि एकदा मेलं की थेट गेम ओव्हर. १२७ च्या वर जीव जमवून एका फटक्यात गेम ओव्हर झालेल्या पोराची जी अवस्था व्हायची, ती मी पाहिली आहे.

दोन बाइटांच्या अवस्था ६५,५३६. तीन बाइटांच्या १,६७,७७,२१६. इथे जरा थांबा. कॅसेटवरचा नव्याण्णव लाखांचा आकडा आपण तिसऱ्याच बाइटाला मागे टाकला. २,०४८ पैकी फक्त तीन.

चार बाइट: ४२९ कोटींच्या वर. आठ बाइट म्हणजे चौसष्ट बिट, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर दर घरात धान्याचे दाणे दुप्पट करत जायची जुनी गोष्ट. वीस आकडी संख्या. आपल्या परंपरेने एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, नावं देऊन ठेवली आहेत, तीही इथे संपतात. दर सेकंदाला एक अवस्था पाहायची ठरवली तर आठ बाइटांसाठी विश्वाचं आजवरचं १,३८० कोटी वर्षांचं वय ४२ वेळा लागेल. अजून २,०४० बाइट शिल्लक आहेत.

दृश्य विश्वात सुमारे एकावर ऐंशी शून्यं इतके अणू असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सगळे तारे, सगळ्या दीर्घिका धरून. ही संख्या ओलांडायला किती बाइट लागतात? चौतीस. संगणकावर देवनागरीत 'मोखाडा पालघर' असं लिहिलं, मधली एक मोकळी जागा धरून, तर बरोबर चौतीस बाइट होतात. एवढ्या दोन शब्दांना जी जागा लागते, त्या जागेत शून्य-एकच्या जितक्या मांडण्या शक्य आहेत, त्या विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त भरतात.

आणि पूर्ण २,०४८ बाइट? त्यांच्या अवस्थांची संख्या लिहायला ४,९३३ अंक लागतात. विश्वातल्या अणूंची संख्या सेकंदाला एक अंक या गतीने मोठ्याने वाचली तर दीड मिनिटाच्या आत संपते. ही संख्या त्याच गतीने वाचायला ८२ मिनिटं लागतील. संख्या मोजायला म्हणत नाही मी, नुसते तिचे अंक वाचायला.

यावर चिकित्सक वाचक म्हणेल, यातल्या बहुतेक अवस्था खेळात कधी येतच नाहीत, मग त्यांचं काय कौतुक? आक्षेप रास्त आहे. तर पोराच्या बोटांत जे खरोखर आहे, तेवढंच मोजू. रिमोटवर डाव्या हाताला अधिकचं चिन्ह, त्याच्या आठ दिशा आणि एक काहीच न दाबण्याची, अशा नऊ शक्यता. उजव्या हाताला ए आणि बी, मध्ये सिलेक्ट आणि स्टार्ट, या चार बटणांच्या सोळा. नवाला सोळाने गुणलं की १४४. यंत्र टीव्हीच्या प्रत्येक फ्रेमला एकदा विचारतं की आत्ता काय दाबलंय, आणि आपल्या टीव्हीवर सेकंदाला पन्नास फ्रेम. एका सेकंदात बटणं दाबण्याच्या किती तऱ्हा? १४४ ला १४४ ने पन्नास जागी मांडून गुणायचं. उत्तर १०८ आकडी येतं. विश्वातल्या अणूंची संख्या अडतिसाव्या फ्रेमला मागे पडते, म्हणजे एक सेकंदही पुरा व्हायच्या आत. माणसाची बोटं इतकी झरझर चालत नाहीत हे खरंच, पण हे मार्ग यंत्राने मोकळे ठेवलेले आहेत. शेजारी बसलेल्या दोन पोरांनी एकच टप्पा खेळला तरी दोघांचा खेळ तंतोतंत सारखा कधीच झाला नाही, त्याचं कारण हे.

हे सगळं चालवणारा मेंदू १९७५ सालच्या ६५०२ या प्रोसेसरचं पाठचं भावंड. चक पेडल आणि बिल मेन्श यांच्या चमूने मूळ ६५०२ हाताने रेघा ओढून आखला होता, आणि इतर प्रोसेसर शेकडो डॉलरांना असताना २५ डॉलरांना विकला. त्यात ट्रान्झिस्टर सुमारे साडेतीन हजार. आजच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स या यंत्राच्या चिपमध्ये १,५३० कोटी, म्हणजे ४३ लाख पटींहून जास्त. आणि मोखाड्याच्या बाजारात आज हातोहात दिसणाऱ्या ८ जीबी रॅमच्या मोबाइलमध्ये मेमरी त्या २,०४८ बाइटांच्या किती पट? बरोबर ४१ लाख ९४ हजार ३०४ पट. दोन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ येऊन थांबलेत, की पाहून अंगावर काटा येतो. हल्लीचे काही मोठे खेळ दीडशे जीबीचे असतात. त्यातल्या एका खेळाच्या जागेत छत्तीस लाखांहून जास्त मारिओ मावतात.

एक गोष्ट मात्र जपान-अमेरिकेतल्या पोरांना कधी कळली नसेल. त्यांचा मारिओ आणि आमचा मारिओ एकाच वेगाने धावत नव्हता. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवायचा, भारतातला पन्नास वेळा, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आणि टीव्हीची पद्धत त्याच मापाने घेतलेली. खेळ तर फ्रेम मोजून चालतो. प्रत्येक फ्रेमला मारिओ अमुक इतका पुढे. साठाच्या जागी पन्नास फ्रेम मिळाल्या की धाव सहाव्या हिश्श्याने मंदावते. पडणारी वीट हळू पडते, धूनही रेंगाळते. तैवानच्या नकलाकारांनी याची सोय मोठ्या हुशारीने केली. मूळ यंत्र एका फ्रेममध्ये २६२ रेषा मोजायचं, आपल्या पद्धतीला ३१२ लागतात. त्यांनी वाढीव पन्नास रेषांचा वेळ अशा जागी घातला, की मूळ कॅसेटला फरक कळू नये. प्रोसेसरचा वेगही मूळच्या जवळ, सेकंदाला सुमारे १७ लाख ७३ हजार ठोके, असा ठेवला. म्हणून आमच्या मारिओची चाल संथ झाली, पण सुराची पट्टी जवळजवळ तीच राहिली. आज मोबाइलवर तोच खेळ साठ फ्रेमने पाहिला की आमच्या पिढीतल्या माणसाला तो कुणीतरी घाईत पळवल्यासारखा वाटतो.

या फ्रेमांवर आजही माणसं जीव टाकून आहेत. सुपर मारिओ सर्वांत कमी वेळात संपवण्याची स्पर्धा जगभर चालते. २०२१ मध्ये निफ्टस्की या टोपणनावाच्या अमेरिकी खेळाडूने तो ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवला. तिथवर पोचायला लोकांनी खेळाची आज्ञावली ओळ न् ओळ वाचून काढली. तेव्हा कळलं, की टप्पा संपल्यावर पुढे जायचं की नाही हे यंत्र दर २१ फ्रेमनंतर एकदाच तपासतं. बस सुटायच्या आधी एक सेकंद पोचलं काय नि दहा सेकंद पोचलं काय, बस त्याच वेळी सुटणार. म्हणून एखाद्या टप्प्यात वीस फ्रेम वाचवूनही उपयोग शून्य, आणि एकविसावी वाचली की सेकंदाचा तिसरा हिस्सा पदरात. चार-पाच मिनिटांची ती धाव म्हणजे सुमारे सतरा हजार सातशे फ्रेम, आणि संगणकाने फ्रेम-फ्रेम जुळवून काढलेल्या आदर्श धावेपासून माणूस आता अर्ध्या सेकंदाच्याही आत येऊन पोचला आहे. तीच बटणं त्याच फ्रेमला दाबून तीच धाव आमच्या पन्नास फ्रेमच्या टीव्हीवर कुणी काढली, तर एकही चूक न होता तिला ५ मिनिटं ५४ सेकंद लागतील.